सहा पेन्सांत प्रवेश : ऑक्सफर्डचे अ‍ॅश्मोलियन संग्रहालय आणि पाहण्याचे शिक्षण

#इतिहासधागा

१. ऑगस्ट १७१०. झकारियास कॉनराड फॉन उफेनबाख हा फ्रँकफर्टचा विद्वान ग्रंथसंग्राहक ऑक्सफर्ड विद्यापीठाचे अ‍ॅश्मोलियन संग्रहालय पाहण्यास गेला. दिवस नेमका बाजाराचा होता. वरच्या दालनात आसपासच्या खेड्यांतून आलेल्या स्त्री-पुरुषांची इतकी गर्दी होती, की धड काही पाहता येणार नाही असे ठरवून तो जिना उतरून परतला आणि भेट पुढच्या दिवसावर टाकली.

२. आपला वैताग त्याने प्रवासवर्णनात नोंदवून ठेवला आहे. दारावर टांगलेले नियम कोणालाही आत सोडतात. सहा पेन्स दिले की बायकासुद्धा वर येतात, इकडून तिकडे धावतात, दिसेल ती वस्तू हातात घेतात आणि तिथल्या सेवकाला जुमानत नाहीत, अशी त्याची तक्रार होती.

३. या तक्रारीत दोन प्रश्न आहेत. विद्यापीठाचे संग्रहालय नेमके कोणासाठी असते? आणि आत आलेल्या माणसाने तिथे करायचे काय : नुसते थक्क व्हायचे, की काही शिकायचे? आजच्या संग्रहालयांतले शालेय वर्ग, मार्गदर्शित फेऱ्या, हाताळणीची सत्रे हे सगळे या दोन प्रश्नांना दिलेले उत्तर आहे. ते उत्तर कसे घडत गेले, हे या धाग्यात पाहू.

४. सुरुवात होते एका माळ्यापासून. जॉन ट्रॅडेस्कंट हा इंग्रज सरदारांच्या आणि पुढे राजघराण्याच्या बागा सांभाळणारा माणूस. नव्या वनस्पतींच्या शोधात तो रशियाच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत आणि अल्जीयर्सपर्यंत गेला. झाडांबरोबर शिंपले, शस्त्रे, पादत्राणे, पक्ष्यांची कातडी, नाणी असे जे मिळेल ते जमवत गेला. लंडनजवळच्या लॅम्बेथमधील त्याच्या घराला लोक ‘द आर्क’, म्हणजे नोहाची नौका, म्हणू लागले. पैसे भरून कोणीही हा अजबखाना पाहू शके.

५. १६३४ मध्ये पीटर मंडी हा प्रवासी ही ‘नौका’ पाहण्यात पूर्ण दिवस रमला. जन्मभर प्रवास करून जितकी नवले दिसणार नाहीत, तितकी इथे एका दिवसात एका जागी दिसतात, असा त्याचा अभिप्राय. मंडी हे नाव भारतीय इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परके नाही. गुजरात आणि दख्खन उजाड करणाऱ्या १६३०–३२ च्या दुष्काळाचे प्रत्यक्षदर्शी वर्णन करणारा, सुरतेहून आग्र्यास गेलेला कंपनीचा नोकर तो हाच.

६. थोरल्या ट्रॅडेस्कंटनंतर त्याच्या मुलाने, धाकट्या जॉनने, संग्रह वाढवला. १६५६ मध्ये त्याची छापील सूची प्रसिद्ध झाली. इंग्लंडमधील संग्रहालयाची ही पहिली छापील सूची. ती तयार करण्यास मदत करणाऱ्यांत एलायस अ‍ॅश्मोल होता : वकील, पुराणवस्तूंचा अभ्यासक, ज्योतिष आणि किमया यांचा नादी, आणि पुढे रॉयल सोसायटीच्या आरंभीच्या सभासदांपैकी एक.

७. १६५९ मध्ये धाकट्या ट्रॅडेस्कंटने दानपत्राद्वारे संग्रह अ‍ॅश्मोलच्या नावे केला. १६६२ मध्ये तो वारल्यावर त्याची पत्नी हेस्टर हिने या दानपत्रालाच आव्हान दिले. खटला अ‍ॅश्मोलच्या बाजूने लागला. दोघांमधील कलह मात्र वर्षानुवर्षे चालला आणि १६७८ मध्ये हेस्टर स्वतःच्या बागेतील तळ्यात बुडून मृतावस्थेत सापडली. आज संग्रहालयावर अ‍ॅश्मोलचे नाव आहे. ज्यांनी वस्तू जमवल्या आणि जपल्या, त्या कुटुंबाचे नाही. संग्रह कोणाचा, हा वाद या संस्थेला जन्मापासून चिकटलेला आहे. पुढे तो एका तमिळ संताच्या मूर्तीच्या निमित्ताने पुन्हा भेटेल.

८. अ‍ॅश्मोलने संग्रह ऑक्सफर्ड विद्यापीठास देऊ केला, पण एका अटीवर : त्यासाठी स्वतंत्र इमारत बांधली पाहिजे. ब्रॉड स्ट्रीटवर ती उभी राहिली आणि १६८३ च्या मे महिन्यात ड्यूक ऑफ यॉर्क, म्हणजे नंतरचा राजा दुसरा जेम्स, याच्या उपस्थितीत तिचे उद्घाटन झाले. जूनमध्ये ती सर्वांस खुली झाली. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो : त्याच वर्षाच्या अखेरीस छत्रपती संभाजी महाराज गोव्यात पोर्तुगिजांशी लढत होते.

९. ‘जगातील पहिले विद्यापीठ-संग्रहालय’ हे बिरुद अनेकदा अ‍ॅश्मोलियनला दिले जाते. ते जरा जपून वापरावे. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराने आणि तिथल्या विद्यापीठाने आमरबाख घराण्याचा कलासंग्रह १६६१ मध्येच विकत घेतला होता आणि काही वर्षांत तो लोकांसाठी खुलाही झाला होता. ऑक्सफर्डचे वेगळेपण पहिलेपणाच्या शर्यतीत शोधण्यापेक्षा त्या इमारतीच्या रचनेत शोधावे.

१०. इमारत तीन मजल्यांची. तळघरात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, मधल्या मजल्यावर व्याख्यानांचे दालन आणि वर संग्रह. पहिला अभिरक्षक रॉबर्ट प्लॉट हाच विद्यापीठातील रसायनशास्त्राचा पहिला प्राध्यापक. खाली प्रयोग करावा, मध्ये ऐकावे, वर जाऊन पाहावे, अशी ही सोय. वस्तू हे ज्ञानाचे साधन आहे आणि पुस्तकाइतकेच ते वाचता आले पाहिजे, ही कल्पना तिथे विटामातीत बांधलेली होती.

११. प्रवेशशुल्काची बाजूही पाहण्यासारखी आहे. अभिरक्षकाचे उत्पन्न मुख्यतः याच शुल्कावर अवलंबून होते. त्यामुळे बाजारकरी शेतकऱ्याला दारातून परत पाठवणे परवडणारे नव्हते. विद्वानांच्या संस्थेत सामान्यांचा शिरकाव झाला त्यामागे उदात्त धोरण किती आणि पोटाचा हिशेब किती, हे वेगळे काढणे कठीण. परिणाम मात्र ठोस होता. त्या काळी युरोपातील बहुतेक संग्रह पाहण्यासाठी ओळखीचे पत्र लागे. इथे नाणे पुरत असे.

१२. वर जाणाऱ्यांना काय दिसे? व्हर्जिनियातील मूलनिवासी प्रमुख पौहॅटन याच्याशी जोडले गेलेले, हरणाच्या कातड्यावर शिंपल्यांच्या मण्यांनी मानवाकृती, दोन प्राणी आणि वर्तुळे शिवलेले मोठे वस्त्र. मॉरिशसच्या डोडो पक्ष्याचा पेंढा भरलेला देह. त्या डोडोचे आज फक्त डोके आणि पाय उरले आहेत आणि ते ऑक्सफर्डच्याच निसर्गेतिहास संग्रहालयात आहेत.

१३. भारतही लवकरच तिथे पोहोचला. ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालमधील गव्हर्नर विल्यम हेजिस याने १७ व्या शतकाच्या अखेरीस पालकालीन शैलीतील विष्णूची दगडी मूर्ती संग्रहालयास दिली. पाश्चात्त्य संग्रहालयात पोहोचलेल्या आरंभीच्या मोठ्या भारतीय शिल्पांत तिची गणना होते. उफेनबाख जिथून कुरकुरत परतला, त्या संस्थेकडे ही मूर्ती तेव्हाच होती. ज्या देवाला नैवेद्य दाखवला जाई, तो आता शिंपल्यांच्या आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या सोबतीने ‘नमुना’ झाला होता.

१४. १९ व्या शतकात ज्ञानाच्या शाखा वेगळ्या झाल्या, तशा वस्तूही वेगळ्या झाल्या. प्राणी आणि खनिजे १८६० मध्ये उघडलेल्या नव्या निसर्गेतिहास संग्रहालयाकडे गेली, मानवशास्त्रीय वस्तूंचा मोठा भाग पिट रिव्हर्स संग्रहालयाकडे. दरम्यान ब्यूमाँट स्ट्रीटवर वास्तुविशारद चार्ल्स कॉकरेल याने आखलेली विद्यापीठाची कलादालने १८४५ मध्ये पूर्ण झाली, आणि लोकवर्गणीतून विकत घेतलेली राफाएल व मायकेलअँजेलो यांची रेखाटने १८४६ मध्ये तिथे दाखल झाली.

१५. याच दालनांत कलाशिक्षणाचा एक मोठा प्रयोग झाला. जॉन रस्किन १८६९ मध्ये ऑक्सफर्डचा पहिला स्लेड प्राध्यापक नेमला गेला आणि १८७१ मध्ये त्याने तिथे रेखाटनशाळा स्थापन केली. चित्रकार घडवणे हा तिचा मुख्य हेतू नव्हता. पीस, पान, दगड, कमान यांचे रेखाटन करताना माणूस ती वस्तू खऱ्या अर्थाने पाहतो, अशी त्याची धारणा होती. पुढे कायद्याकडे, धर्मकार्याकडे किंवा राज्यकारभाराकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही अशा पाहण्याची गरज आहे, असे तो मानी.

१६. त्यासाठी रस्किनने शेकडो चित्रे, छापचित्रे आणि छायाचित्रे निवडून क्रमवार मालिका लावल्या. त्या कपाटांतील सरकत्या चौकटींत ठेवलेल्या असत. विद्यार्थ्याने चौकट बाहेर काढावी, टेबलावर ठेवावी आणि नक्कल करत अभ्यासावी. टर्नरची चित्रेही त्यांत होती. संग्रहालयातील ‘शैक्षणिक संग्रह’ म्हणजे काय, याचा इतका विचारपूर्वक आखलेला नमुना त्या काळी दुर्मीळ होता.

१७. १८८४ मध्ये आर्थर एव्हान्स अभिरक्षक झाला. क्रीट बेटावरील नॉसॉसचे उत्खनन करणारा हाच तो. त्याच्या काळात मरगळलेल्या संस्थेला पुरातत्त्वाची नवी दिशा मिळाली. १८९४ मध्ये जुना संग्रह ब्यूमाँट स्ट्रीटवर हलला आणि १९०८ मध्ये कलादालने व संग्रहालय औपचारिकरीत्या एक झाले. ब्रॉड स्ट्रीटवरील मूळ इमारतीत आता विज्ञानेतिहासाचे संग्रहालय आहे.

१८. भारतीय संग्रहाची दुसरी वाट मुंबईत जन्मलेल्या एका माणसामुळे तयार झाली. संस्कृत कोशकार मोनियर मोनियर-विल्यम्स याचा जन्म १८१९ सालचा, मुंबईचा. त्याच्या पुढाकाराने ऑक्सफर्डमध्ये इंडियन इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिच्यासाठी त्याने भारतात येऊन संस्थानिकांकडूनही देणग्या गोळा केल्या. भारतात नोकरीस जाणाऱ्या इंग्रज तरुणांना हा देश ‘दाखवून शिकवण्यासाठी’ तिथे संग्रहालयही होते. साम्राज्य ओसरल्यावर त्याचे प्रयोजन संपले आणि १९६२ मध्ये तिथला कलासंग्रह अ‍ॅश्मोलियनकडे आला.

१९. म्हणजे ‘शैक्षणिक उपक्रम’ हा शब्द निरागस नाही. वस्तू दाखवून राज्यकर्ता घडवता येतो, तसा वस्तू दाखवून प्रश्न विचारणारा नागरिकही घडवता येतो. काय दाखवले आणि काय झाकले, यावर ते ठरते.

२०. आता थोडे अटलांटिकपलीकडे पाहू, कारण विद्यापीठ-संग्रहालयाच्या शिक्षणातले दोन महत्त्वाचे टप्पे तिथले आहेत. हार्वर्डच्या फॉग संग्रहालयात पॉल सॅक्स याने १९२० च्या दशकाच्या आरंभी संग्रहालय-अभ्यासक्रम सुरू केला. विद्यार्थी मूळ कलाकृती हातात घेऊन शिकत. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचा पहिला संचालक आल्फ्रेड बार हा सॅक्सच्याच तालमीतला.

२१. दुसरा टप्पा येल विद्यापीठाचा. त्वचारोगाचे प्राध्यापक अर्विन ब्रेव्हरमन आणि येलच्या ब्रिटिश कला केंद्रातील शिक्षणविभागाच्या लिंडा फ्रीडलँडर यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस वैद्यकीय विद्यार्थ्यांना चित्रांसमोर उभे केले. शीर्षकाची पट्टी झाकलेली. विद्यार्थ्याने चित्र बराच वेळ न्याहाळायचे, मग फक्त दिसते ते सांगायचे. ‘ती दुःखी आहे’ असे म्हटले, तर कशावरून, ते चित्रात दाखवायचे. या विद्यार्थ्यांची रुग्णांच्या छायाचित्रांतील बारकावे टिपण्याची क्षमता इतरांपेक्षा अधिक वाढल्याचे निष्कर्ष २००१ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

२२. ऑक्सफर्डमध्ये २००९ साली रिक मॅथर याने आखलेली नवी दालने उघडली. मांडणीचे सूत्रही बदलले : संस्कृती सुट्या कप्प्यांत न ठेवता त्यांच्यातली देवघेव दाखवायची. २०१२ पासून मेलन प्रतिष्ठानच्या साहाय्याने ‘युनिव्हर्सिटी एंगेजमेंट प्रोग्रॅम’ सुरू झाला. कलेतिहास आणि पुरातत्त्व यांपलीकडच्या विभागांचे अध्यापन संग्रहातील वस्तूंच्या आधारे व्हावे, हा त्याचा गाभा.

२३. सर्वसामान्य पाहुण्यांसाठी प्रवेश आता विनामूल्य आहे. शाळांसाठी वर्ग, कुटुंबांसाठी उपक्रम, व्याख्याने, दालनांत बसून रेखाटन हे नित्याचे झाले आहे. मला सर्वांत मोलाची वाटते ती अभ्यासिकांची सोय. आधी वेळ ठरवून कोणीही, विद्यापीठाशी संबंध नसलेला माणूससुद्धा, तिथे बसून राफाएलचे मूळ रेखाटन काचेच्या आडकाठीशिवाय पाहू शकतो. उफेनबाखला जी गोष्ट असह्य झाली होती, ती, म्हणजे सामान्य माणसाने वस्तूच्या जवळ जाणे, आज शिस्तीत आणि काळजीने घडवून आणली जाते.

२४. आता त्या तमिळ मूर्तीकडे वळू. तिरुमंगै आळ्वार हे बारा वैष्णव आळ्वारांपैकी शेवटचे मानले जातात. आख्यायिका सांगते की ते सरदार होते आणि देवकार्यासाठी वाटमारी करत. त्या मार्गातच त्यांना विष्णूचा साक्षात्कार झाला. म्हणून त्यांच्या मूर्तीच्या हाती तलवार आणि ढाल असते. अशी १६ व्या शतकातील एक कांस्यमूर्ती अ‍ॅश्मोलियनने १९६७ मध्ये लंडनच्या सदबीज् लिलावातून विकत घेतली.

२५. पुढे एका स्वतंत्र संशोधकाने पुदुच्चेरीतील फ्रेंच संस्थांच्या छायाचित्रसंग्रहात १९५७ चे एक छायाचित्र शोधले. त्यात तीच मूर्ती दिसत होती : तमिळनाडूतील सौंदरराज पेरुमाळ मंदिरात, आपल्या जागी. छायाचित्र आणि मूर्ती शेजारी ठेवून बारकावे जुळवणे, म्हणजे रस्किनच्या शाळेत आणि येलच्या दालनात शिकवले जाते तेच. इथे त्या पाहण्यामुळे एका देवळाच्या हरवलेल्या मूर्तीचा माग लागला.

२६. संग्रहालयाने २०१९ च्या डिसेंबरात भारतीय उच्चायुक्तालयास स्वतःहून कळवले. भारताने मूर्तीची रीतसर मागणी केली आणि मार्च २०२४ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या कौन्सिलने त्या मागणीला पाठिंबा दिला. मूर्तीचे सौंदर्य, धातू, काळ आणि शैली शिकवणारा धडा ती इथे कशी आली हे न सांगता संपत असेल, तर तो अर्धाच राहतो. आता हा उरलेला भागही अनेक संग्रहालयांच्या अध्यापनात येऊ लागला आहे.

२७. आपल्याकडेही ही परंपरा आहे. कलकत्ता विद्यापीठाचे आशुतोष संग्रहालय १९३७ मध्ये सुरू झाले आणि बाणगढ, चंद्रकेतुगढ येथील उत्खननांशी जोडले गेले. राय कृष्णदास यांनी १९२० मध्ये स्थापलेले भारत कला भवन १९५० पासून बनारस हिंदू विद्यापीठाचा भाग आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्र शिकवले जाते.

२८. पुण्यात डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे संग्रहालय आहे आणि त्याच्या सोबतीला द. ब. पारसनीस यांच्या साताऱ्याच्या संग्रहातून उभे राहिलेले मराठा इतिहासाचे संग्रहालय. इतिहासाच्या परीक्षा देणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांनी मोडी कागद, जुना नकाशा किंवा ताम्रपाषाणयुगातले खापर पुस्तकातल्या चित्रापलीकडे पाहिलेले नसते. आपल्या विद्यापीठांत वस्तू आहेत, जाणकारही आहेत. विद्यार्थ्याला वस्तूसमोर अर्धा तास बसवून ‘काय दिसते ते सांग’ असे विचारणारा तास मात्र वेळापत्रकात क्वचितच सापडतो.

२९. त्याला मोठा निधी लागत नाही. पुढच्या वेळी संग्रहालयात गेलात, तर सगळी दालने पालथी घालू नका. एकच वस्तू निवडा. पट्टी वाचण्याआधी पंधरा मिनिटे ती न्याहाळा, वहीत वेडेवाकडे का होईना तिचे रेखाटन करा. मग पट्टी वाचा आणि दोन गोष्टी शोधा : ही वस्तू इथे केव्हा आली, आणि कोणाकडून आली. पट्टीवर ते नसेल, तर तिथल्या अभिरक्षकांना नम्रपणे विचारा. हा प्रश्न विचारणे हा पाहुण्याचा हक्क आहे.

३०. तुमच्या शहरात किंवा महाविद्यालयात असा एखादा संग्रह असेल, तर त्याचे नाव आणि तुम्हाला तिथे खिळवून ठेवलेली एक वस्तू खाली जरूर लिहा. पुरेशी नावे जमली, तर महाराष्ट्र आणि गोव्यातील महाविद्यालयीन संग्रहांवर वेगळा धागा करू.

धागा समाप्त.